पहिल्या घरासाठीची बचत (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या घरासाठीची बचत म्हणजे स्वतःच्या मालकीचे पहिले घर विकत घेताना गृहकर्जात न सामावणारी रक्कम उभी करण्यासाठी कुटुंबाने काही वर्षे बाजूला टाकलेला पैसा होय. या रकमेत घराच्या किमतीतील खरेदीदाराचा स्वतःचा हिस्सा, मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, वस्तू व सेवा कर आणि इतर किरकोळ खर्च यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, विशेषतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या औद्योगिक शहरातील स्थितीचा विचार केला आहे. गृहकर्ज सहज मिळू लागल्यापासून घरखरेदीतील खरी अडचण कर्ज मिळण्याची उरलेली नाही; ती कर्जापूर्वीच्या या रकमेची, आणि ती साठेपर्यंत कोठे ठेवावी याची आहे.

संज्ञा

बँकांच्या व्यवहारात या रकमेला ‘मार्जिन मनी’ किंवा ‘स्वहिस्सा’ म्हणतात. बोलण्यात ‘डाऊन पेमेंट’ हा शब्द रूढ आहे. व्यवहार पक्का करण्यासाठी विकणाऱ्याला सुरुवातीला दिली जाणारी रक्कम म्हणजे विसार, इसार किंवा बयाणा. विसार हा स्वहिस्स्याचाच भाग असतो, परंतु तो संपूर्ण स्वहिस्सा नसतो. म्हाडाच्या सोडतीसाठी अर्जासोबत भरावी लागणारी रक्कम ‘अनामत’ म्हणून ओळखली जाते. घर भाड्याने घेताना मालकाकडे ठेवले जाणारे ‘डिपॉझिट’ ही वेगळी गोष्ट आहे, तरी बचतीच्या दृष्टीने तिचा येथे संबंध येतो. कारण भाडेकरू कुटुंबाची काही हजारांची रक्कम तेथे बिनव्याजी अडकून पडलेली असते.

दस्तांची नावेही नवख्या खरेदीदाराचा गोंधळ उडवतात. इसार पावतीनंतर साठेखत होते. त्यात कोणत्या अटींवर विक्री होईल ते ठरते. मालकीहक्क प्रत्यक्ष हस्तांतरित होतो तो खरेदीखताने. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेच्या बाबतीत बहुधा साठेखताच्या वेळीच पूर्ण मुद्रांक शुल्क भरावे लागते. म्हणजे घराचा ताबा मिळण्याच्या कितीतरी आधी हा पैसा हातातून गेलेला असतो.

स्वहिस्स्याचा हिशेब

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात मालमत्तेच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम देता येते. हे मूल्य ठरवताना मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क व दस्तखर्च त्यात धरता येत नाहीत. केवळ १० लाख रुपयांपर्यंतच्या घरांसाठी २०१५ पासून ही सवलत आहे. त्यामुळे ‘नव्वद टक्के कर्ज’ या जाहिरातीचा अर्थ ‘दहा टक्के पैसे असले की घर मिळते’ असा घेणे चुकीचे ठरते.

उदाहरणादाखल महानगरपालिका हद्दीतील ३० लाख रुपयांची, बांधकाम चालू असलेली सदनिका घेऊ. कमाल कर्ज २७ लाख धरले तर किमतीतील स्वहिस्सा ३ लाख रुपये होतो. शहरात मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे ३० हजार. वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने ४५ लाखांपर्यंतची आणि महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेली सदनिका ‘परवडणारे घर’ ठरते. छत्रपती संभाजीनगर या कराच्या व्याख्येतील महानगरांत मोडत नसल्याने येथील बहुतेक दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या सदनिकांना एप्रिल २०१९ पासून ५ ऐवजी १ टक्काच कर लागतो. तो आणखी ३० हजार. बेरीज ५ लाख ४० हजार रुपये, म्हणजे किमतीच्या १८ टक्के. वकिलाची फी, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, वीजमीटर, सोसायटीच्या देखभालीची आगाऊ रक्कम हे यात धरलेले नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर हा कर लागत नाही. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. वरील उदाहरणात ती ३० हजार रुपयांची होते. पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही.

प्रत्यक्षात स्वहिस्सा रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेपेक्षा खरेदीदाराच्या पगारावरून अधिक ठरतो. हातात ४० हजार रुपये येणाऱ्या नोकरदाराला बँकेने निम्म्या उत्पन्नाइतका, म्हणजे २० हजारांचा हप्ता मान्य केला, तर साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी सुमारे २३ लाख रुपयेच कर्ज बसते. मग त्याच ३० लाखांच्या घरासाठी ७ लाख किमतीपोटी आणि २ लाख ४० हजार शुल्क व करांपोटी, असे ९ लाख ४० हजार रुपये स्वतःचे लागतात. दुचाकीचे किंवा वैयक्तिक कर्ज चालू असेल, तर त्याचा हप्ता या २० हजारांतूनच वजा होतो व स्वहिस्सा आणखी वाढतो. बँका मूल्य ठरवताना करारातील किंमत आणि त्यांच्या मूल्यनिर्धारकाने काढलेली किंमत यांपैकी कमी असलेली धरतात, हेही अनेकांना कर्ज मंजूर होताना कळते.

बचतीला वेळ लागतो आणि तेवढ्यात किंमत वाढते. टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के व्याजाने दरमहा १३ हजार २०० रुपये भरल्यास मुदतीअखेर सुमारे ९ लाख ४२ हजार रुपये हाती येतात. परंतु या काळात घराची किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढली, तर ३० लाखांचे घर ३८ लाखांच्या पुढे गेलेले असते. पगारही त्याच वेगाने वाढला तर आवश्यक स्वहिस्सा १२ लाखांच्या आसपास जातो. पगार जागच्या जागी राहिला, आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत हे अपवादात्मक नाही, तर तो सुमारे १८ लाख होतो. वाढलेल्या किमतीचा सगळा बोजा कर्जावर न पडता स्वहिस्स्यावर पडतो, हे या गणितातील सर्वांत निष्ठुर कलम म्हणावे लागेल.

याखेरीज किमतीचा काही भाग रोखीने मागण्याची जुनी प्रथा आहे. करारात न दाखवलेल्या रकमेवर कर्ज मिळत नाही, त्यामुळे ती पूर्णतः बचतीतून द्यावी लागते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई असून तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. दंड घेणाऱ्यावर आहे; मात्र व्यवहार मोडल्यास कागदावर नसलेला पैसा परत मागणे देणाऱ्याला अवघड जाते.

शहराची पार्श्वभूमी

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा येथील वसाहतींमुळे मराठवाड्यातील खेड्यांतून शहरात नोकरीसाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ७३ हजार होती. २००१ मध्ये ती ८ लाख ७३ हजार आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजार झाली. वीस वर्षांत दुप्पट झालेल्या शहरात पहिले घर घेणारी अनेक कुटुंबे वडिलोपार्जित शहरी मालमत्ता नसलेली होती. त्यांच्यामागे गावाकडची जमीन असे, पण ती विकून शहरात घर घेणे हा घराण्यात वादाचा विषय ठरे व आजही ठरतो.

सिडकोने १९७० च्या दशकापासून येथे नवे शहर वसवले. ‘एन’ या अक्षराने ओळखली जाणारी त्याची क्षेत्रे आणि हुडकोच्या अर्थसाहाय्यामुळे ‘हडको’ म्हटला जाणारा भाग यांतील छोटी घरे एका पिढीसाठी पहिले घर ठरली. ही वसाहत २००६ मध्ये महानगरपालिकेकडे हस्तांतरित झाली. त्यानंतर पहिल्या घराचा शोध मुख्यतः खाजगी विकासकांच्या सदनिका आणि शहराच्या कडेचे भूखंड यांकडे वळला. बीड बायपासलगतच्या सातारा-देवळाई परिसरात घरे तुलनेने स्वस्त मिळाली, मात्र तेथील रहिवाशांना दीर्घकाळ टँकरच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागले. टँकरचा मासिक खर्च हा घराच्या किमतीत कोठेच दिसत नाही.

बचतीचे मार्ग

भिशी हा सर्वांत परिचित अनौपचारिक मार्ग आहे. समजा वीस जणांनी दरमहा प्रत्येकी ५ हजार रुपये जमा केले, तर दर महिन्याला एक लाख रुपये एका सभासदाला मिळतात. ती चिठ्ठी टाकून दिली जाते किंवा बोली लावून. बोलीच्या भिशीत ज्याला पैशाची निकड असते तो कमी रकमेवर भिशी उचलतो आणि सोडलेली रक्कम इतरांत वाटली जाते. कारखान्यातील एका पाळीतील सहकारी, एका गल्लीतील गृहिणी, बाजारातील शेजारचे दुकानदार असे तिचे गट असतात. भिशीचे बळ शिस्तीत आहे: चारचौघांत नाव जाण्याच्या भीतीने हप्ता चुकत नाही, आणि पैसा मधेच काढून खर्च करता येत नाही. घरासाठी बचत करणारा सभासद शक्यतो शेवटच्या क्रमांकाची भिशी घेतो. आधी उचलणारा वस्तुतः कर्जदार असतो. दोष असा की आधी उचलून हप्ते थांबवणाऱ्या सभासदाविरुद्ध बाकीच्यांकडे विश्वासाखेरीज फारसे काही नसते. व्यावसायिक पातळीवरील अशा योजनांना चिट फंड अधिनियम, १९८२ लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात चालकाचे कमाल कमिशन ५ वरून ७ टक्के करण्यात आले.

बँक व टपाल खात्यातील आवर्ती ठेव सुरक्षित, पण व्याज करपात्र आहे. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीची मुदत १५ वर्षांची असल्याने मधल्या काळात त्यातून अंशतःच पैसे काढता येतात. म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक (एसआयपी) अलीकडे लोकप्रिय झाली आहे. मात्र दोन-तीन वर्षांनी लागणारा विसार समभागांत ठेवणे म्हणजे व्यवहाराची तारीख बाजाराच्या स्वाधीन करणे होय. सोने हे बचतीचे साधन आणि स्त्रीधन अशा दोन्ही भूमिकांत असते. घरासाठी दागिने मोडण्याचा निर्णय म्हणूनच केवळ आर्थिक राहत नाही. हिशेब करताना मोडीत घडणावळ परत मिळत नाही, हे विसरले जाते.

संघटित क्षेत्रातील कामगारांसाठी कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी हा महत्त्वाचा आधार आहे. १९५२ च्या या योजनेत ठरावीक सदस्यत्वानंतर घर किंवा भूखंड घेण्यासाठी रक्कम काढता येते; तिच्या अटी वेळोवेळी सैल झाल्या आहेत. ही रक्कम परत भरावी लागत नाही, आणि म्हणूनच ती निवृत्तीच्या पैशातून जाते. कंत्राटदार बदलला की नवे खाते, जुने खाते वर्ग न होणे, नावातील स्पेलिंगचा फरक, अशा कारणांनी वाळूज-शेंद्रा पट्ट्यातील कंत्राटी कामगारांचे दावे अडकू शकतात. सदनिका ठरवण्याच्या आधीच ही खाती एकत्र करून घेणे व्यवहार्य ठरते.

ठेवीची सुरक्षितता

वर्षानुवर्षे साठवलेली रक्कम कोणत्या संस्थेत आहे, हा प्रश्न या शहरात पुस्तकी नाही. घराजवळची शाखा, ओळखीचे संचालक, दैनिक बचत गोळा करणारा प्रतिनिधी आणि बँकेपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज यांमुळे नागरी सहकारी पतसंस्थांकडे छोट्या बचतदारांचा ओढा असतो. जुलै २०२३ मध्ये शहरातील आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचे प्रकरण उघडकीस येऊन पदाधिकाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अजंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. एप्रिल २०२५ मध्ये तिचा परवाना रद्द झाला.

दोन्ही प्रकरणांत ठेवीदारांची कायदेशीर स्थिती मात्र सारखी नव्हती. सहकारी बँकेसह कोणत्याही विमाकृत बँकेतील ठेवींना ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण आहे. त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रति ठेवीदार प्रति बँक ५ लाख रुपये आहे (त्यापूर्वी ती १ लाख होती) आणि मुद्दल व व्याज दोन्ही तीत मोजले जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास ही रक्कम साधारणतः ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्यातील ठेवींना हा विमा लागू नाही. तेथील ठेवीदाराला महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ (बोलीभाषेत ‘एमपीआयडी’) यानुसार मालमत्ता जप्त होऊन तिचा लिलाव होईपर्यंत थांबावे लागते. वर काढलेला ९ लाख ४० हजारांचा स्वहिस्सा एकाच सहकारी बँकेत, एकाच नावावर असेल, तर त्यातील जवळपास निम्मी रक्कम विम्याबाहेर राहते. ती दोन बँकांत विभागल्यास पूर्णतः संरक्षित होते. साठेखताची तारीख ठरलेली असताना बँकेवर निर्बंध आले, तर विसारही धोक्यात येतो, कारण विकणारा थांबायला बांधील नसतो.

गुंठेवारी

स्वहिस्सा जमत नसलेल्या किंवा उत्पन्नाचा कागद नसलेल्या कुटुंबांनी या शहरात वेगळी वाट काढली. मुकुंदवाडी, पुंडलिकनगर, मिसारवाडी, पडेगाव अशा भागांत शेतजमिनीचे बिगर अकृषक परवानगीचे तुकडे पाडून विकले गेले. २० बाय ३० फुटांचा भूखंड हे तेथील नेहमीचे माप. विक्री शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, म्हणजे ‘बाँडवर’ होई आणि जमीनमालक किंवा दलाल हप्त्याने पैसे घेत असे. येथे कर्ज नाही, म्हणून स्वहिस्साही नाही. सगळीच किंमत बचतीची. घरही एकदम उभे राहत नाही. आधी पत्र्याची खोली, मग विटांच्या भिंती, मुलाच्या लग्नाआधी स्लॅब, असे ते वाढते. भाडे वाचते आणि वाचलेल्या भाड्यातून बांधकाम होते.

अर्थात नोंदणी न झालेल्या अशा कागदाने मालकी मिळत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मालमत्तेचे विक्रीपत्र नोंदवणे आवश्यक आहे आणि बँका अशा भूखंडावर सहसा कर्ज देत नाहीत. एकच भूखंड दोघांना विकण्याचे प्रकारही यातूनच घडतात. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. त्याची मूळ कालमर्यादा १ जानेवारी २००१ ही होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. नियमितीकरणाचे शुल्क भरावे लागते, त्यामुळे स्वस्त घेतलेल्या भूखंडाच्या किमतीचा एक भाग वीस-पंचवीस वर्षांनी वसूल होतो, असे म्हणता येईल.

विसार आणि कायदा

विकासकाने करार नोंदवण्यापूर्वी किती पैसे घ्यावेत यावर महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमापासून (मोफा) बंधन आहे. तेथे ही मर्यादा २० टक्के होती. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १३ ने ती १० टक्क्यांवर आणली. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. म्हणजे ३० लाखांच्या सदनिकेसाठी साठेखत नोंदवण्याआधी ३ लाखांपेक्षा अधिक मागणी करणे बेकायदेशीर आहे. ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशे, जमिनीवरील बोजा व दाखल खटले पाहता येतात. जुन्या घराच्या खरेदीला रेरा लागू होत नाही. तेथे विसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घेण्याची पद्धत आहे. इसार पावतीत ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ ही अट लिहून घेतली नसेल, तर तो जप्त होण्यावरून वाद उद्भवतात.

शासकीय योजना

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यातील व्याज अनुदान जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजार रुपये होते व २०२२ पर्यंत ते बंद झाले. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ३५ लाखांपर्यंतच्या घराच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या ८ लाखांसाठी ४ टक्के व्याज अनुदान आहे. ते कमाल १ लाख ८० हजार रुपये असून पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. दोन्ही टप्प्यांत हे अनुदान कर्ज घेतल्यानंतर कर्जखात्यात जमा होते. त्याने मासिक हप्ता हलका होतो. स्वहिस्सा मात्र एक रुपयानेही कमी होत नाही. शहरातील सुमारे ४० हजार घरांच्या उभारणीची निविदा गैरप्रकारांच्या आरोपांमुळे वादात सापडली आणि २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने याप्रकरणी छापे टाकले.

म्हाडाचे स्थानिक मंडळ सोडतीद्वारे घरे देते. अनामत अयशस्वी अर्जदारांना परत मिळते. यशस्वी अर्जदाराला देकार पत्र आल्यावर ठरावीक मुदतीत किंमत भरावी लागते. त्यामुळे सोडतीत नाव येण्यापूर्वीच स्वहिस्सा तयार नसेल, तर लागलेले घर सोडून द्यावे लागण्याची वेळ येते.

इतर देशांतील पद्धती

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १७७५ च्या सुमारास स्थापन झालेली केटली यांची बिल्डिंग सोसायटी रचनेने भिशीच्या जवळची होती. सभासद वर्गणी भरत, पाळीपाळीने घरे मिळत आणि शेवटच्या सभासदाला घर मिळाले की संस्था विसर्जित होई. जर्मनीत ‘बाउस्पारकासे’ या संस्थांमध्ये आधी काही वर्षे बचत करून ठरलेल्या व्याजाने कर्जाचा हक्क मिळवता येतो. सिंगापूरमध्ये १९६८ पासून भविष्यनिर्वाह निधीतून सार्वजनिक घरांची खरेदी करता येते. ब्रिटनमध्ये २०१७ पासूनच्या ‘लाइफटाइम आयएसए’ खात्यात वर्षाला ४,००० पौंडांपर्यंतच्या बचतीवर सरकार २५ टक्के भर घालते. भारतात राष्ट्रीय आवास बँकेने १९८९ मध्ये बचतीशी जोडलेली गृहकर्ज खाते योजना आणली होती. ती मात्र रुजली नाही. आजच्या अनुदान योजनांचा भर कर्जदारावर आहे, बचतदारावर नाही.